'दुर्गासागर'मधले दोन जादा 'ए'

तोंडवलीच्या किनाऱ्यावर 'दुर्गासागर' होडीभोवती अख्खा गाव लोटला होता. होडी समुद्रात कुठे आहे ते कळवणारा डबा चार दिवस सुरू होताच बंद पडत होता. अंकशास्त्र सांगणाऱ्या भाईमहाराजांनी होडीच्या इंग्रजी नावात दोन 'ए' वाढवले, होडीमालक अप्पांनी ते नाव डब्यात भरलं, आणि हिरवा दिवा पेटला.

"दहा अक्षरं म्हणजे शनी, बारा म्हणजे गुरू!" महाराज गरजले. "आता वादळही ह्या होडीला शिवणार नाही. खुशाल जा!"

वादळाचा इशारा कालच आला होता. तरी अप्पा जाळी चढवू लागले.

गर्दीतून अक्षया पुढे आली. डब्याची आतली प्रणाली तिनेच लिहिलेली. चार दिवस ती चूक शोधत होती. आज सकाळी सापडली. अंगात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं.

"अप्पानू, जरा थांबा. डब्यात महाराजांचा नाव घालून बघा."

"कित्याक गो?"

"घाला तर."

अप्पांनी 'भाईमहाराज' इंग्रजीत भरलं. अकरा अक्षरं. दिवा विझला.

"आता 'पोहे' घाला."

चार अक्षरं. दिवा पेटला.

"मगे पोह्यांचो ग्रह खंयचो, महाराज?" अप्पांच्या बायकोने, तुळसाने, विचारलं. लोक हसले. महाराज यंत्राला श्रद्धा नसल्याचं काहीतरी पुटपुटले.

अक्षयाने वाळूत बोटाने चार-चार घरांच्या ओळी काढल्या. डब्याच्या स्मृतीत आधी नाव बसतं, एका घरात एक अक्षर; मागोमाग होडीच्या ठिकाणाचा आकडा. आकड्याला चार घरं लागतात आणि ही चिप तो ओळीच्या पहिल्या घरापासूनच वाचते. दहा अक्षरं संपतात ओळीच्या मधोमध. आकडा दोन ओळींत फाटतो, चिप अडते. बारा अक्षरांनी ओळी पुऱ्या भरतात. उरलेली घरं रिकामी सोडून आकडा नव्या ओळीवर न्यायला हवा होता.

"ता करूक मी इसारलंय," ती म्हणाली.

"म्हणजे चूक तुझी?" महाराजांनी लगेच विचारलं.

"माझी." सगळ्यांसमोर म्हणताना तिचे कान तापले.

लॅपटॉप जोडून तिने दुरुस्त प्रोग्राम डब्यात घातला, जुनं दहा अक्षरी नाव भरलं. दिवा पेटला आणि पेटता राहिला.

अप्पा तरीही समुद्राकडेच बघत होते.

"काय बंद पडला तर माका गाळी घाला," अक्षया थकल्या आवाजात म्हणाली, "पण आदी कारण इचारा. वादळ नाव वाचणा नाय, अप्पानू."

अप्पांनी जाळ्याचं एक टोक धरलं, तुळसाने दुसरं. दोघांनी ते होडीतून खाली ओढलं.