चार वाजेपर्यंतचा कोट

मित्रांनो, चौथ्या खुंटीवर लोंबतो आहे तो मी. आगीच्या बंबावरचा एक जुना कोट. जाड कापडाचा, आतून लोकरीचा, पुरुषी मापाचा.

केस्टर गॅप हे पाटीच्या दगडाच्या खाणीचे गाव. इथला बंब गावकरीच चालवतात, पगाराशिवाय. पण दिवसा सगळे पुरुष खाणीत उतरलेले असत. एकदा भर दुपारी बेकरी जळून गेली आणि बंब जागचा हललाही नाही. तेव्हा गावच्या अग्निशमन दलाने सहा बायकांना सदस्य करून घेतले. वहीत मात्र लिहिले: 'सदस्यत्व दुपारी चार वाजेपर्यंत.' चारला खाणीचा भोंगा होई आणि पुरुष वर येत. कोट मोजकेच होते. भोंगा झाला की बाईने कोट उतरवून पुरुषाच्या हाती द्यायचा, अशी रीत पडली.

मी अर्लीन हाइनबाककडे आलो. तिने माझ्या बाह्या दोनदा दुमडल्या.

"अर्लीन, आत तू आहेस, की नुसता कोटच चालत आलाय?" दलाचा प्रमुख ओवेन प्रॉसर म्हणाला.

"कोटाला बंब चालवता आला असता, तर मला कशाला बोलावलं असतंस, ओवेन?"

अकरा वर्षे मी तिच्या अंगावर होतो. गवताच्या गंजी, कोंबड्यांची खुराडी, एकदा शाळा. शाळेच्या आगीनंतर वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात सगळे पुरुष होते. फोटो चारनंतर काढला होता.

मग लाकडाची वखार पेटली. अर्लीन पाण्याचा पाइप धरून दारात उभी होती. भोंगा झाला. तिने सवयीने मला उतरवले आणि ओवेनच्या हाती दिले. तेवढ्यात वरची तुळई कोसळली. जळते तुकडे तिच्या उघड्या हातांवर पडले. मी दोन पावलांवर होतो. ओवेनने माझी एकच बाही चढवली होती.

मला काही वाटले नाही. कोटाला काय वाटणार, असे मी अजूनही म्हणतो.

पुढे दलाने आणखी कोट घेतले. अर्लीन माझ्यातच राहिली. चारनंतरही बंबावर चढू लागली, तिला कुणी अडवले नाही. वहीतली ओळ मात्र कुणी खोडली नाही. ती थकली, मी खुंटीवर गेलो. माझ्या खिशात उंदरांनी घर केले.

गेल्या मंगळवारी अर्लीन वारली. सदस्य गेला की त्याचा कोट बंबावर ठेवून दफनभूमीपर्यंत नेतात, घंटा वाजवतात. तिची मुलगी रूथॅन मला मागायला आली. नव्या प्रमुखाने वही उघडली.

"रूथॅन, वाईट वाटतं गं. पण नोंद चारपर्यंतचीच आहे."

"मग तीनला न्या की तिला," बाकावरून म्हातारा ओवेन म्हणाला. "काय अडलंय?"

रूथॅन रडत नव्हती. ती माझ्या बाह्यांकडे पाहत होती.

"नाही, ओवेनकाका. साडेचारला न्यायचं."

ओवेन काठी टेकत उठला. वही त्याने आपल्याकडे ओढली.

"पेन आण," तो प्रमुखाला म्हणाला. "आणि तोंड मिट. माशी जाईल."

शनिवारी भोंगा झाला. त्यानंतर अर्ध्या तासाने मी बंबावर होतो आणि घंटा वाजत होती.

मित्रांनो, आता मी पुन्हा खुंटीवर आहे. कुणाची नोंद अर्धी राहिली असेल, तर ते माणूस जिवंत असेपर्यंत पुरी करा. मला वर्षातून एकदा ऊन दाखवा, उंदीर हाकला. बाह्या मात्र उलगडू नका.