सुनेच्या नावावर

नवरा घर सोडून गेला तेव्हा दाढीचं सामान, दोन शर्ट आणि चांगली चप्पल तेवढी घेऊन गेला. मागे राहिल्या दोघी, ती आणि त्याची आई. शिवाय त्याच्या बुडालेल्या धंद्याचं कर्ज. त्यावर सहकर्जदार म्हणून तिचीही सही होती.

वसुलीची माणसं आरडाओरडा करत नसत, आणि तिला त्याचीच जास्त धास्ती वाटे. एक जण जिन्यात बसून मोबाइलवर गाणी ऐकायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अगदी अदबीने विचारायचा, "वरच्या बाई कामाला कुठे जातात हो?" ती पार्लरमध्ये केस कापायची. त्याला ते ठाऊक होतं, तरी रोज विचारायचा. शेवटी गळ्यातलं, कानातलं, सगळं मोडून तिने कर्ज फेडलं. जिना रिकामा झाला. तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

कुठलं काय! पार्लरच्या मालकीणबाईंना म्हातारपणी लेकीकडे जायचं होतं. त्या म्हणाल्या, "दुकान तूच घे. परक्याला द्यायला जीव होत नाही." ती हरखून बँकेत गेली आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आली. तिचा क्रेडिट स्कोअर पार तळाला गेला होता.

"पण मी तर सगळं फेडलंय," ती कर्ज विभागातल्या मॅडमना म्हणाली होती.

"फेडलंत, पण चुकलेले हप्ते नोंदीत राहतात. पत म्हणजे केसच समजा, ताई. कापायला क्षण पुरतो, वाढायला वेळ लागतो." मग त्यांनी नीट समजावलं. थोडी रक्कम मुदत ठेवीत टाका, त्या ठेवीवर एक क्रेडिट कार्ड घ्या, कमीच वापरा आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरा. "आणि हो, दहा ठिकाणी कर्जाला अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची नोंद होते, त्यानेही स्कोअर घसरतो."

तेव्हापासून ती त्या बिलाच्या तारखेला वाघाला भ्यावं तशी भ्यायची. पैसे चार दिवस आधीच भरायची आणि ते पोचलेत ना, हे पुन्हा पुन्हा बघायची. सासूबाई हसायच्या, "अगं, देवाचा नवस फेडायलासुद्धा कोणी एवढी घाई करत नाही!" ती हसायची नाही. एक हप्ता हुकला की पुन्हा तो जिन्यातला माणूस, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

असं वर्ष सरलं, वर आणखी काही महिने. स्कोअर मुंगीच्या पावलांनी वर आला. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात कागद घेऊन या." मालकीणबाईंनीही तोवर थांबायचं कबूल केलं.

त्याच आठवड्यात ती एकदा फोन घरी विसरून कामावर आली. दुपारी एका गिऱ्हाइकाचे केस कापताना ते तिच्या लक्षात आलं आणि तिने मालकीणबाईंच्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावला. सासूबाईंनी उचलला.

"आत्ता नको गं," त्या घाईघाईने कुजबुजल्या. "माझ्या फोनवर तो आहे."

"तो कोण?"

फोन बंद झाला.

गिऱ्हाइकाचे केस एका बाजूने खांद्यापर्यंत, दुसऱ्या बाजूने कमरेपर्यंत. मालकीणबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता कात्री हातात घेतली. "जा तू."

ती धावत सुटली. नवऱ्याकडे तिच्या सगळ्या कागदपत्रांच्या प्रती होत्या. जन्मतारीख, सही, सगळं. नव्हता तो फक्त तिचा फोन. आणि तो आता त्याच्या आईच्या हातात होता.

सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या, दोन हातांत दोन फोन. एकातून त्याचा आवाज येत होता, "आई, पुढचे आकडे सांग ना. आई?"

इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून ती दारातच थिजली. मग तिने स्वतःचा फोन ओढून घेतला. कर्जाच्या अर्जासाठी ओटीपी. रक्कम मोठी होती, आणि नाव तिचं.

"किती आकडे सांगितलेत?"

"तीन," सासूबाई म्हणाल्या. "तुझा फोन घरी राहिलाय, हे माझ्याच तोंडून गेलं. तेव्हा म्हणाला, तुझ्या औषधाचे पैसे पाठवतोय, तिच्या फोनवर नंबर आलाय तो वाच. मी वाचायला लागले. मग त्याने विचारलं, ती घरात नाही ना? तेव्हा माझी जीभच उचलेना."

"आली का ती?" पलीकडून तो म्हणाला. आवाज एकदम मवाळ झाला. "ऐक, हप्ते मीच भरीन. तुझी शपथ. इथे नवं कर्ज झालंय, ही वसुलीची माणसं मला जिवंत सोडायची नाहीत गं."

तिला खोटं वाटलं नाही. तो खरोखर घाबरला होता, आणि ती भीती तिच्या नावावर चढवायला निघाला होता.

"बाळा," सासूबाई म्हणाल्या, "जेवायला ये, घर तुझंच आहे. पण हिच्या नावाला हात लावू नकोस." आणि फोन ठेवून त्या ढसाढसा रडल्या.

बँक बंद व्हायच्या आत दोघी तिथे पोचल्या. मॅडमनी अर्ज कुठल्या कंपनीकडे गेलाय ते शोधलं, फोन करून तो थांबवला आणि लेखी तक्रारीचा कागद पुढे ठेवला. "अर्ज कोणी केला, माहीत आहे?"

तिने सासूबाईंकडे पाहिलं. आईदेखत मुलाचं नाव कसं घ्यायचं?

"माझ्या मुलाने केला," सासूबाई म्हणाल्या. "लिहा. साक्षीदार म्हणून सही मी करते."

अर्ज रद्द झाला, पण त्याची नोंद पुसली जाईपर्यंत स्कोअर खालीच राहिला. कर्ज लांबलं. मालकीणबाई कुरकुरल्या, तरी थांबल्या. अखेर मंजुरी आली, त्या दिवशी सही करण्याआधी तिने प्रत्येक पान दोनदा वाचलं.

बँकेतून परतताना सासूबाई तिच्यासोबत होत्या. ओटीपीच्या त्या दिवसानंतर मुलाचा फोन आला नव्हता.

"त्या माणसांनी त्याला काही केलं नसेल ना गं?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने त्यांचा हात घट्ट धरला. "मलाही तीच भीती वाटते, आई."