अडकलेले आजोबा

“आई, आजोबा परत अडकले!”

भिंगरीने फोनच्या पडद्यावर बोटाने टकटक केली. पलीकडे, दुसऱ्या गावात, तिचे आजोबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन बरणीला टेकवून बसले होते आणि मुळीच अडकलेले नव्हते. नातीच्या पडलेल्या दाताच्या खिडकीकडे ते डोळे भरून पाहत होते. त्या खिडकीतून जीभ बाहेर काढून तिने विचारलं होतं, “कसं दिसतंय?” त्यावर ते “छान” म्हणालेही होते. पण म्हणाले ते ओठातल्या ओठात. मान हलली नाही, हात हलला नाही, भुवईसुद्धा वर गेली नाही.

“नेट गेलं असेल,” मागून लेकीचा आवाज आला. “ठेव. मग करू.”

“आहे मी,” आजोबा म्हणाले. तोवर पडदा काळा झाला होता.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्यांना हसू आलं होतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं तेव्हा नाही आलं. आणि मग भिंगरी फोनवर येईनाशीच झाली. “ती म्हणते, आजोबांचा फोन बिघडलाय, नीट झाला की येईन,” लेक म्हणाली. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज घुमायचा तो रविवारी, याच फोनमधून. तोही गेला तर सोमवार आणि रविवार यांत फरक तो काय उरणार?

ते फोन घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला, आपल्या फोनवरून त्यावर व्हिडिओ कॉल लावला आणि आपला फोन त्यांच्यापुढे धरला.

“ठणठणीत आहे, काका. हे बघा, तुम्हीच दिसताय.”

काकांनी निरखून पाहिलं. “चित्र हलत नाहीये.”

“तुम्ही हला, मग हलेल!”

दुकानातलं गिऱ्हाईक फसकन हसलं. काकांनी फोन खिशात घातला आणि ते पायऱ्या उतरले.

त्यांना सगळे काकाच म्हणत. दगडाच्या लाद्यांच्या एका मोठ्या आवारात ते क्रेन चालवायचे. पूर्वी ते उंचावरच्या केबिनमध्ये बसत आणि खाली लादीला पट्टे बांधायला त्यांचा जोडीदार असे. त्याचा आवाज असा की सगळं आवार त्याला भोंगा म्हणे.

“अहो सरकार, डोळे घरी ठेवून आलात का? उजवीकडे घ्या!”

“तुझं उजवं की माझं?”

“माझ्या सासूचं! घ्या लवकर, हात तुटला माझा!”

मग काका वरून दोन्ही हात नाचवत त्याचा उद्धार करायचे. असं दिवसभर चालायचं. घरी येईपर्यंत घसा बसलेला असायचा, आणि बायको म्हणायची, “कामाला जाता की भांडायला?”

पुढे कंपनीने नवी व्यवस्था आणली. लादी धरायला पंजा आला, पट्टे गेले, भोंगा आपल्या मुलाकडे राहायला गेला. काका उंचावरून खाली, काचेच्या खोलीत आले. तिथे जमिनीवर एक पिवळा चौकोन होता. त्यात उभं राहायचं. समोर कॅमेरा, गालाशी माइक. “उचल” म्हटलं की पंजा लादी उचले. हात उजवीकडे गेला की क्रेन उजवीकडे जाई, तळवा समोर धरला की जागच्या जागी थांबे. खोलीत दुसऱ्या कुणी यायचं नाही, कारण दुसऱ्याच्या हाताने नाहीतर आवाजाने यंत्राचा गोंधळ व्हायचा. खोकला आला तरी चौकोनाबाहेर जाऊन खोकायचं. काका हे सगळं मन लावून शिकले. घरी माशी हाकलतानाही त्यांचा हात अर्ध्यात थबकू लागला.

फोनच्या दुकानात हसं झालं त्याच आठवड्यात यंत्र तपासायला कंपनीची तंत्रज्ञ आली. त्यांच्या लेकीच्या वयाची, हसरी मुलगी.

“काका, एक गंमत दाखवते,” ती म्हणाली. तिने पडद्यावर दोन आकृत्या लावल्या. लहान मुलं काड्यांची माणसं काढतात तशा. “हा तुमचा पहिला दिवस. आणि हा कालचा.”

पहिला काडीचा माणूस हात पसरून, वाकून, अंगाला झोका देऊन जणू नदीच पोहून जात होता. शेजारचा नुसता उभा होता. बारकाईने पाहिलं तर त्याची दोन बोटं तेवढी हलत होती. खाली आवाजाच्या रेघा होत्या. पहिल्या दिवशीच्या डोंगरासारख्या, कालच्या दोऱ्यासारख्या.

“कालचा कुठेय? हा तर खांब आहे,” काका म्हणाले.

“तुम्हीच! यंत्र तुम्हाला शिकत गेलं ना. तुम्ही रोज थोडं कमी करत गेलात, ते तेवढ्यावर समजून घेत गेलं. आता तुम्ही नुसतं पुटपुटलात तरी त्याला कळतं. इतकं कुणाचंच कुणाला कळत नसेल, काका.”

ती कौतुकाने बोलत होती. काका मात्र त्या खांबाकडे पाहत राहिले. भिंगरीला दिसत होता तो हाच.

“पोरी, हे शिकलेलं पुसता येतं का?”

“पुसायचं? का?”

“याला कळतं, पण माझ्या नातीला कळत नाही. तिला वाटतं मी अडकलोय.”

मुलगी हसली नाही. तिने दाराबाहेर उभ्या असलेल्या मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने कपाळाला हात लावला. “काका, माल अडला तर वरचे माझं डोकं खातील. तुमचं काय जातंय?”

“पुसत नाही, बाजूला ठेवते,” मुलगी म्हणाली. “एक बटण दाबलं की परत.”

“शनिवारपर्यंत,” मुकादम म्हणाला. “त्यापुढे हौस नको.”

दुसऱ्या दिवशी काका चौकोनात उभे राहिले आणि नेहमीसारखं “उचल” म्हणाले.

“पुन्हा सांगा,” यंत्र म्हणालं.

“उचल.”

“पुन्हा सांगा.”

“अरे उचल ना, बहिऱ्या!” काका गरजले, आणि पंजा लादी घेऊन वर आला. स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकले. इतके दिवस हा कुठे होता?

तो आठवडा अवघड गेला. खांदे भरून आले, घसा खरखरला. बाहेरच्या ट्रकवाल्याला वाटलं आपल्यालाच बोलावताहेत. त्याने हात केला, काकांनीही भान विसरून हात केला, आणि लोंबकळती लादी थेट त्याच्या दिशेने निघाली! “थांब!” काकांनी तळवा पुढे करून अशी आरोळी ठोकली की क्रेन थांबली, ट्रकवाला थांबला आणि चहा नेणारी बाईसुद्धा थांबली. भोंगा असता तर महिनाभर चिडवायला पुरलं असतं. काकांनी सवयीने खाली पाहिलं. खाली पिवळा चौकोन होता.

शनिवारी मुकादमाने अडलेल्या लाद्यांची रांग दाखवली. “फिटली हौस? सोमवारपासून जुनंच लावतो.”

“बरं!” काका इतक्या मोठ्याने म्हणाले की मुकादम एक पाऊल मागे सरला.

रविवारी त्यांनी फोन बरणीला टेकवला. लेक एकटीच दिसली. “बाबा, ती आत खेळतेय. नाही येत म्हणते.”

काका उभे राहिले. पाय जरा फाकवले, छाती भरून घेतली आणि लेकीच्या घराच्या आतल्या खोलीपर्यंत पोचेल अशी हाक मारली. “भिंगरेऽऽ! दात आला का गं?”

धावती पावलं ऐकू आली. पडद्यावर अर्धं कपाळ आणि एक डोळा दिसला.

“आजोबा, तुमचा फोन नीट झाला?”

“झाला! हे बघ!” आणि त्यांनी दोन्ही हात असे फिरवले की बरणी डगमगली.

भिंगरी खिदळली. मग तिला काय काय सांगायचं होतं! कुणाशी कट्टी झाली, कुणी डबा सांडला. काकांनी कपाळावर हात मारला, डोळे मोठे केले, “अरे बापरे” म्हणाले. तिने फोन आत नेला आणि कशाला तरी टेकवून ठेवला. “आजोबा, मी खेळते. मधेमधे विचारीन, अडकलात का? मग तुम्ही हात करायचा.”

“करीन!”

आता पडद्यावर छताचा एक कोपरा आणि गरगरणारा पंखा होता. भातुकलीची भांडी वाजत होती.

“अडकलात का?”

“नाही गं, चालू आहे!” काकांनी हात उंच हलवला. ती पडद्याकडे बघतही नव्हती, तरी हलवला.

थोड्या वेळाने पुन्हा विचारणा झाली, पुन्हा हात हलला. मग दार वाजलं, बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली, पावलं लांब गेली. भांडी वाजायची थांबली.

काकांनी फोन ठेवला नाही. मधेच येऊन तिने विचारलं तर? दुखरा हात खांद्याएवढा उचलून ते पंख्याकडे पाहत बसले, आणि तो खाली येऊ लागला की पुन्हा वर करत राहिले.