तीनशे मिलिलीटर पाणी

व्हॅनमध्ये विजेवर चालणाऱ्या वस्तू सात होत्या: चार दिवे, एक छोटा फ्रिज, नळाचा पंप आणि बाबांचं श्वासाचं मशीन. छतावर शंभर वॉटची तीन सोलर पॅनेल, सीटखाली बाराशे ऐंशी वॉट-तासांची बॅटरी. ठकीने सगळं दोनदा मोजून वहीत लिहिलं होतं.

मशीनचा मास्क लावल्याशिवाय बाबांचा श्वास झोपेत अडकायचा. त्या मशीनपायी सहा वर्षं आई-बाबा कुठे मुक्कामाला गेले नव्हते. आता आईला तळ्याकाठी तीन रात्री राहायचं होतं, आणि तिथे विजेचा खांबसुद्धा नव्हता.

ठकीने अट घातली. "आधी अंगणात एक रात्र झोपायचं. संध्याकाळी बॅटरी शंभर, सकाळी निदान चाळीस टक्के उरली पाहिजे. म्हणजे एखादा दिवस ढगाळ गेला तरी निभेल. नाहीतर तळं रद्द."

"आणि तुझा हिशेब काय म्हणतो?" आईने विचारलं.

"एक्केचाळीस."

"एका टक्क्यावर आमची सहल टांगलीस की गं," आई म्हणाली. तरी तिने बॅग काढून झटकायला घेतलीच.

सकाळी सात वाजता ठकीने व्हॅनचं दार उघडलं. मीटरवर साठ.

"बघ!" बाबा म्हणाले. "तीस वर्षं बस चालवलीय. वाटेत कधी डिझेल संपू दिलं नाही." पण आवाज फुटक्या भोंग्यासारखा निघाला.

आईचा चेहरा उजळला. ठकीचा उजळेना. अंदाज एक-दोन टक्क्यांनी चुकला तर तो अंदाज. एकोणीस टक्क्यांनी चुकला तर कुठेतरी पाणी मुरतंय. एकोणीस टक्के म्हणजे जवळजवळ दोनशे चाळीस वॉट-तास. आठ तासांच्या झोपेने भागलं की तीस वॉट.

मशीनला हवा दमट करणारी एक छोटी टाकी होती. तिच्या हीटरला लागायचे बरोबर तीस वॉट. ठकीने टाकी काढून उजेडात धरली. रात्री तीनशे मिलिलीटर पाणी भरलेलं. आताही तीनशे.

"बाबा, हीटर बंद ठेवलात?"

बाबा चपलेचा अंगठा शोधू लागले.

"रात्रभर कोरडी हवा ओढलीत? घसा किती सोलवटलाय बघा!"

"अगं, तिने बॅग झटकली," बाबा खरखरीत आवाजात पुटपुटले. "त्यानंतर एका टक्क्यासाठी नाही कोण म्हणणार तिला?"

आई घराकडे वळली. आत जाऊन कोमट पाण्याचा पेला घेऊन आली, त्यांच्या हातात दिला, आणि मग म्हणाली, "असा घसा घेऊन नेणार होतात मला? तळ्याकाठी काय खाणाखुणा करून बोलला असतात?"

"तू बोलतेस ते पुरतं दोघांना."

"प्या गपचूप."

ठकी पायरीवर बसली. तिची अट बरोबर होती, आकडेही बरोबर होते, आणि त्यांच्यापायी हा माणूस रात्रभर कोरडा श्वास घेत पडला होता. तिने वही उघडली, काहीच न लिहिता मिटली.

"हा फ्रिज रात्रभर कशाला घुरघुरतो?" आईने विचारलं.

"दूध नासू नये म्हणून."

"मग दिवसा ऊन फुकट असतं तेव्हाच बाटल्यांत बर्फ करून ठेवू. रात्री फ्रिज बंद. मी दार उघडणार नाही, आणि ह्यांनाही उघडू देणार नाही."

ठकीने आईकडे पाहिलं. तिच्या वहीत ऊन एका पानावर होतं आणि फ्रिज दुसऱ्यावर. दोन्ही पानं शेजारी ठेवून तिने कधी पाहिलीच नव्हती.

दोन दिवसांनी बाबांचा घसा सुटला. त्या दिवशी दुपारभर फ्रिजमध्ये सहा बाटल्या गोठल्या. झोपायच्या वेळी ठकीने टाकीत मोजून पाणी भरलं, हीटर स्वतः सुरू केला आणि त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली.

"बापावर पहारा?"

"ड्रायव्हरमागे कंडक्टर असतोच, बाबा."

सकाळी सात वाजता ठकीने पुन्हा दार उघडलं. बाबांनी आतून तिला हाक मारली, स्वच्छ, खणखणीत. तिने आधी टाकी पाहिली, मग दूध, मग मीटर, आणि वहीत लिहिलं:

पाणी पस्तीस मिलिलीटर. दूध सहा अंश. बॅटरी सत्तावन्न टक्के.