समुद्र दाखवायला

“शालू, इकडं ये,” सगुणाबाई म्हणाल्या, पण पोर त्या माणसाच्या कडेवर केव्हाच चढली होती.

मुंबईच्या मोठ्या स्टेशनाबाहेर, सकाळच्या उन्हात, पांढऱ्या शर्टातला एक किडकिडीत माणूस त्यांची वाट पाहत उभा होता. त्याने हात पुढे केले आणि पाच वर्षांची शालू कुरकुर न करता त्याच्याकडे गेली. घरी, अंकुशनगरला, शेजारच्या घरात सोडायचं म्हटलं तरी आजीचा पदर न सोडणारी ही पोर! सगुणाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मीना डब्याच्या पिशवीची गाठ घट्ट करत होती. गाठ चांगली घट्टच होती.

“हे आदिनाथभाऊ,” मीना म्हणाली. “आमच्या माहेरचे, जांबचे. हितं बसवर कंडक्टर हायेत. आज सुट्टी हाय त्यांना, म्हणून म्हणले, लेकरायला मुंबई दाखवतो.”

‘भाऊ’वर जरा जास्तच जोर पडला, असं सगुणाबाईंना वाटलं.

“नमस्कार मावशी.” आदिनाथ शालूला घेऊनच वाकला. “गाडीत झोप झाली का?”

“झाली. तुम्ही सारखं गावाकडं येता का?”

“सारखं न्हाई. आई हाय तिथं, जमंल तसं येतो.”

“अन् ह्या पोरीला कुठं बघितलं?”

“जत्रेत, आत्याबाई,” मीनाच मध्ये बोलली. “मी माहेरी गेल्ते ना रामनवमीला, तवा.”

विचारलं त्याला आणि उत्तर दिलं हिने. सगुणाबाईंनी ते मनात ठेवलं.

त्या स्वभावाने संशयी नव्हत्या. निदान त्यांची स्वतःची तशी समजूत होती. साखर कारखान्याच्या वसाहतीजवळच्या शाळेत त्या खिचडी शिजवायच्या. तांदळात खडा आहे का, डाळीला वास येतो का, हे पाहून पाहून नजर तशी झाली होती. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा भारत कारखान्यात कामाला होता. एका गळीत हंगामात, अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. शालू तेव्हा नुकती रांगायला लागली होती, आर्यन अंगणवाडीत जात होता. त्यानंतर मीनाने शिलाई मशीन घेतलं आणि सासूने लेकरं सांभाळली. दोघी एकमेकींशी फार बोलत नसत, पण सकाळचा पहिला चहा एकत्र घेत.

आणि महिन्यापूर्वी, त्या चहाच्या वेळीच, मीना म्हणाली होती, “आत्याबाई, आर्यन लई दिवसांचा समुद्र समुद्र करून राह्यलाय. एक दिवस मुंबईला जाऊन येऊ. राहायचं न्हाई, सकाळी उतरायचं अन् रातच्या गाडीनं माघारी. जास्त खर्चा होत न्हाई.”

घराबाहेर पडताना दहा वेळा विचार करणाऱ्या मीनाला मुंबईत जास्त खर्च होत नाही हे कुणी सांगितलं, हा प्रश्न सगुणाबाईंना तेव्हाच पडला होता. आपण घरी राहतो असं म्हटलं तर मीनाला बरं वाटतं की काय, ते पाहायला त्यांनी तसं म्हणूनही पाहिलं होतं. पण मीना म्हणाली होती, “तुम्ही तर पाह्यजेच.” त्यानेही संशय कमी झाला नव्हता. उलट वाढला होता.

आदिनाथने सगळ्यांचे दिवसभराचे पास काढले. एकदा पास काढला की कोणत्याही बसमध्ये बसा, कुठेही उतरा. दोन मजली बस आली तशी आर्यन ओरडतच वर पळाला आणि सगळ्यात पुढच्या काचेला नाक लावून बसला. रस्ता त्याच्या पायाखालून निघाला होता. शालू त्याच्या शेजारी, आणि तिच्या फ्रॉकचा मागचा पट्टा आदिनाथच्या मुठीत.

तिकिटाला आलेला कंडक्टर आदिनाथच्या ओळखीचा निघाला. त्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि हसला.

“काय आदिनाथ, आणली का मंडळी?”

आदिनाथ नुसता “हां, हां” म्हणाला. मीना खिडकीबाहेर बघायला लागली. सगुणाबाई त्या एका शब्दाशी पुढचे कितीतरी थांबे झगडत राहिल्या. मंडळी कुणालाही म्हणतात. पाहुण्यांनाही म्हणतात. पण मग तो कंडक्टर हसला कशाला?

दुपारपर्यंत ते टेकडीवरच्या बागेत पोचले. तिथे म्हातारीचा बूट होता. घराएवढा मोठा, दगडी, आतून जिना असलेला.

“काका, तुम्ही फोनवर सांगितल्ता तो बूट ह्योच का?” आर्यनने विचारलं, आणि लगेच आईकडे पाहून जीभ चावली.

म्हणजे फोन होत होते. पोराला गप्प बसायला सांगितलेलं होतं.

“आज्जी, यात म्हातारी राहती का?” शालूने विचारलं.

“राहत असंल,” सगुणाबाई म्हणाल्या. “जा, बघून ये.”

बुटात फक्त लेकरांना सोडत होते. दोघं वर चढली आणि वरच्या सज्जातून हात हलवायला लागली. सगुणाबाई बाकावर बसल्या. चपलेचा अंगठा तुटायला आला होता, तो चाचपायच्या निमित्ताने खाली वाकल्या आणि तिरप्या नजरेने पाहत राहिल्या. झाडाखाली मीना हळू आवाजात काहीतरी सांगत होती, आदिनाथ मान हलवत होता. नाही, नाही अशी. मग मीनाने पदराने डोळे पुसले. त्याने हात पुढे केला नाही. दोन पावलं मागे सरकला, इतकंच. हा माणूस आपण बघतोय हे ओळखून मागे सरकला, की तसाच आहे? सगुणाबाईंना ठरवता येईना.

मग गवतावर बसून त्यांनी घरच्या दशम्या सोडल्या. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची कोरडी भाजी. दोन घास खाऊन आदिनाथ थांबला.

“काय झालं? तिखट लागलं?” सगुणाबाईंनी विचारलं.

“न्हाई मावशी. लई दिवसांनी अशी चव लागली.”

बोलता बोलता तो शालूच्या भाजीतली मिरचीचे तुकडे वेचून बाजूला काढत होता. ते काम मीनाने आत्ता सांगितलेलं नव्हतं. शालू मिरची दिसली की ताट ढकलते, हे घरातल्या माणसालाच माहीत. सगुणाबाईंनी हातातली दशमी ठेवली आणि डबा झाकून टाकला.

उन्हं उतरल्यावर ते चौपाटीला आले. समुद्र दिसताच आर्यन थबकला. इतके दिवस ज्याचा ध्यास घेतला होता, तो समोर आल्यावर त्याला बोलता येईना. “आज्जी, पलीकडचा काठच न्हाई गं,” एवढंच तो म्हणाला, आणि मग पँट गुडघ्यापर्यंत वर ओढून पळत सुटला.

“जा, तू बी जा त्यांच्यासंगं,” सगुणाबाई मीनाला म्हणाल्या. “पाण्यात आत जाऊ देऊ नको.”

“तुम्ही?”

“मी बसते हितं. हे हायेत ना सोबत.”

मीना घुटमळली, पण गेली. वाळूत दोघंच उरली. सगुणाबाईंनी पदर सावरला.

“किती दिवसांपासून चाललंय?”

आदिनाथने दचकल्यासारखं केलं नाही. वाळूतली एक काडी उचलली, मोडली.

“रामनवमीपासून. माझ्या आईनं अन् मीनाच्या मामांनी विषय काढला. माझी बायको करोनात गेली, मावशी. लेकरू न्हाई. मीच म्हणलो, आधी तुम्हाला सांगायचं. मीना म्हणली, मी सांगते. आज बी सकाळपासून सांगते सांगते करून राह्यली.”

“म्हणून मला समुद्र दाखवायला आणलं.”

“लेकरायला आणलं. तुम्हाला मी बोलावलं.”

“कशाला?”

“मला बघून घ्यावं म्हणून. उद्या कुणी म्हणायला नको, की म्हातारीला अंधारात ठेवून लेकरं नेली.”

‘नेली’ हा शब्द ऐकला आणि सगुणाबाईंना दिवसभर ज्याचा वास येत होता ते समोर उघडं पडलं. सून जाईल हे त्यांनी कधीतरी धरूनच ठेवलं होतं. मीना अजून तिशीतली. पण लेकरं?

“अन् मी?” त्यांच्या तोंडून निघून गेलं. विचारायचं नव्हतं.

“तुम्ही बी चला म्हणलो मी,” आदिनाथ म्हणाला. “एक खोली अन् स्वयंपाकघर हाय, पण बसंल तसं बसवू. मीना म्हणली, त्या यायच्या न्हाईत.”

“मला इचारलं का कुणी?”

आदिनाथने मोडलेली काडी वाळूत टाकली.

लेकरं ओली होऊन परत आली. सगुणाबाईंनी आदिनाथला त्यांच्यासाठी भेळ आणायला पाठवलं आणि सुनेला जवळ बसवलं.

“मी येणार न्हाई, हे तू कशावरून ठरवलं?”

मीनाने आदिनाथच्या पाठीकडे पाहिलं आणि त्याने सांगून टाकलंय हे ती समजली. ती ओल्या साडीचा काठ पिळायला लागली.

“खरं सांगू आत्याबाई? राग येईल.”

“येऊ दे.”

“तुम्ही न्हाई म्हणाल, असं मला वाटलंच न्हाई. तुम्ही हो म्हणाल, ह्याचंच भेव वाटलं.” तिचा आवाज फाटला. “तुम्ही आल्या की भारत बी संगं येतील. तुमच्या तोंडाकडं बघितलं की मला तेच दिसतेत. चार वर्सं झाली, रोज सकाळी चहाला बसते अन् तेच दिसतेत. तिथं बी तसंच झालं, तर मी त्या माणसाचा संसार कसा करू?”

लाट आली, वाळूवरची पावलं पुसून गेली. आर्यन शालूला शिंपला दाखवत होता. सगुणाबाईंना राग आला नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोरगी खरं बोलली होती, आणि त्या खऱ्यात खोट काढायला जागा नव्हती. त्यांनाही मीनाच्या तोंडाकडे पाहिलं की भारतच दिसायचा. म्हणूनच तर त्या तिला धरून बसल्या होत्या.

आदिनाथ भेळ घेऊन आला. सगुणाबाई उठल्या, लुगड्याची वाळू झटकली.

“तुमचं घर कुठंय?”

“वडाळ्याला, मावशी. क्वार्टर हाय.”

“गाडीला वेळ हाय न्हवं? मंग दाखवा.”

“आत्याबाई, राहू द्या आता, अंधार पडतोय,” मीना म्हणाली.

“पडू दे. माणसाचं काय, कुणी बी गोड बोलतंय. घर खोटं बोलत न्हाई.”

बसने ते वडाळ्याला गेले. जुन्या इमारतीचे जिने चढताना सगुणाबाईंनी कुणाचा हात धरला नाही. आदिनाथने कुलूप उघडलं, दिवा लावला, आणि दारातच बाजूला उभा राहिला, जणू घर त्यांचं आणि पाहुणा तो.

सगुणाबाईंनी चपला काढल्या आणि कामाला लागल्या. पाण्याच्या पिंपाचं झाकण उचलून आत पाहिलं. नळ सोडला, बंद केला. पिठाच्या डब्यात बोट घालून पीठ जिभेला लावलं. कॉटखाली वाकल्या, बाटली वगैरे आहे का ते पाहिलं. तिथे एक ट्रंक आणि जुन्या वहाणा होत्या. भिंतीवर एका बाईचा फोटो होता, त्याला ताजी फुलं. त्या फोटोपुढे त्या थोडा वेळ थांबल्या.

“हिचं नाव काय?”

“संध्या,” आदिनाथ म्हणाला.

“फोटो काढू नका. पोरांना सांगा, कोण हाय ते.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आमच्याकडचा बी एक देईन. लावायचा का न्हाई ते तुमचं तुम्ही बघा.”

मीना दारातच खाली बसली आणि तिने तोंडाला पदर लावला.

“शालूचा कान दुखतो थंडीत,” सगुणाबाई आता आदिनाथशी बोलत होत्या, पण त्याच्याकडे न बघता. “तेल घालायचं न्हाई, डाक्टरनं बजावलंय. आर्यनला मारायचं न्हाई. मारलं की तो दोन-दोन दिवस बोलत न्हाई. त्याच्या बापासारखं हाय ते. अन् सुट्टीत लेकरं माझ्याकडं आली पाह्यजेत. बराबर?”

“बराबर, मावशी.”

“खिडकी कुठंय?”

खिडकी स्वयंपाकघरात होती. घर तिसऱ्या मजल्यावर. खाली डेपोत लाल बसगाड्या ओळीने उभ्या होत्या. आर्यनने शालूला उचलून दाखवायला घेतलं, तसं सगुणाबाईंनी दोघांना मागे सारलं आणि स्वतः पुढे झाल्या.

खिडकीला लोखंडी गज होते. नवे होते, रंगाचा वास अजून येत होता, आणि भिंतीत जिथे ते बसवले होते तिथलं सिमेंट अजून ओलसर काळं दिसत होतं.

“हे कधी बसवले?”

“परवा,” आदिनाथ म्हणाला. “लेकरं येणार म्हणून.”

सगुणाबाईंनी एक गज धरून हलवला. मग दुसरा. मग पदर कमरेला खोचला, दोन्ही हातांनी दोन गज धरले, आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून ओढले. बाहेर एक बस डेपोत वळत होती. मागून मीना म्हणाली, “आत्याबाई, चला, गाडी चुकंल.”

गज हलले नाहीत. तरी त्यांनी हात सोडले नाहीत.