पुलाची लेक

रेबोर्देलाचा पूल दुरुस्त व्हावा म्हणून रिन्याने वर्षानुवर्षं सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते, आणि तो दुरुस्त होऊ नये म्हणून तिच्या आईने तितकीच वर्षं तिला शिव्या घातल्या होत्या. रिन्या गावच्या पंचायतीची अध्यक्ष. आई, एतेल्विना, नव्वदीला टेकलेली, कानाने जड आणि जिभेने तिखट. "रोमन लोकांनी बांधलाय ना? मग त्यांनाच बोलाव की दुरुस्तीला," असं ती चर्चच्या दारात मोठ्याने म्हणायची आणि गाव हसायचं. रिन्याही हसून सोडून द्यायची. म्हातारीच्या रागामागे काही कारण असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही.

पुलाची कीर्ती तशी रोमन लोकांमुळे नव्हतीच. ज्या बाईची मुलं पोटातच जायची, ती पोट दिसू लागलं की एका रात्री पुलावर जाऊन बसायची. नवरा आणि दीर दोन्ही टोकं अडवायचे, मांजरसुद्धा ओलांडू द्यायचे नाहीत. मध्यरात्रीनंतर जो पहिला माणूस येईल, त्याने दोरीला भांडं बांधून नदीचं पाणी काढायचं आणि बाईच्या पोटावर ओतून आतल्या जिवाचा बाप्तिस्मा करायचा. मुलगा झाला तर नाव जर्वाझियु, मुलगी झाली तर सेन्योरिन्या. आपली रिन्या म्हणजे अशीच एक सेन्योरिन्या. एतेल्विनाची आधीची सगळी मुलं गेली, ती पुलावर जाऊन बसली आणि ही जगली. पंचक्रोशीत कुणाचं मूल टिकेना झालं की बायका रिन्याकडे बोट दाखवायच्या. ही बघ पुलाची लेक, जा तूही पुलावर. रिन्याला त्याचा कोण अभिमान!

आता वेळ तिच्याच लेकीवर आली होती. ओंदिनाची दोन मुलं सहाव्या महिन्यात गेली होती, आणि या खेपेचा पाचवा चालू होता. नवरा स्वित्झर्लंडला बांधकामावर. शावेश शहरातल्या इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, गर्भाशयाचं तोंड वेळेआधी उघडतंय, टाका घालून बंद करू, उशीर करू नका. रिन्याने ते उडवून लावलं.

"टाके गोधडीला घालतात," ती म्हणाली होती. "सान जुआंवच्या सणाला पूल खुला होतोय, तेव्हा बसवू तुला. मी काय टाक्याने जगले?"

ओंदिना बरं म्हणाली. पुरावा म्हणून सख्खी आईच समोर उभी असताना ती बिचारी दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी सकाळी रिन्या कामगारांसाठी मक्याची भाकरी आणि धुरावलेली सॉसेजं घेऊन पुलावर गेली. काम जोरात होतं. मधल्या काळात कुणी कुणी थापलेलं सिमेंट खरवडून काढलं होतं, मोठ्या कमानीखाली लाकडी आधार उभा होता आणि वरच्या फरशा एकेक करून, आकडे घालून, काठावर रचल्या होत्या. इंजिनियर लेआंद्रु गुडघ्यांवर बसून कठड्यालगतची एक फरशी निरखत होता.

"दोना सेन्योरिन्या, इथे आपल्या आधी कुणीतरी हात मारलाय," तो म्हणाला. "दगड जुनाच आहे, पण खाली सिमेंट. फार तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं."

"म्हणजे माझ्या वडिलांचं!" रिन्या खुलली. "ते रस्तादुरुस्तीवर होते, साहेब. कसं बसवलंय बघा, हलतंय का?"

हलत नव्हतं खरं. दोन पहारी लागल्या. फरशी उचलली तर खाली भराव उकरून केलेला खड्डा, आणि खड्ड्यात जस्ताचा, झाकणाचा डबा.

"सोनं!" एक गवंडी ओरडला.

"हो तर. रोमन सरदाराने मक्याचं पीठ ठेवलं असेल," दुसरा म्हणाला. सगळे हसले. रिन्या सगळ्यांत मोठ्याने हसली आणि म्हणाली, "उघडा, उघडा. पंचायतीचा अर्धा वाटा."

इंजिनियरने झाकण काढलं. आत पिवळं पडलेलं तागाचं कापड होतं, लेसचं एवढंसं टोपडं होतं, आणि टोपड्यात आणि कापडात हाडं होती. इतकी बारीक की ती माणसाची आहेत हे कळायला रिन्याला क्षणभर वेळ लागला. कळलं तेव्हा हातातली भाकरीची टोपली कधी खाली पडली हे तिला समजलंही नाही.

इंजिनियरने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. "काम बंद," तो हळूच म्हणाला. "पोलिसांना कळवायला लागेल. मग पुरातत्त्ववाले. आता सणापर्यंत काही होणार नाही."

आणि रिन्याच्या मनात पहिल्यांदा काय यावं? मेलेल्या बाळाची दया नाही. ओंदिनाला पुलावर बसवता येणार नाही, हे आलं. त्याची तिला लगेच लाज वाटली.

"झाकण लावा आधी," मागून आवाज आला. एतेल्विना काठी टेकत कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. "वारं लागतंय तिला."

"कुणाला, आई?"

"सेन्योरिन्याला."

म्हातारी भ्रमली, रिन्याला वाटलं. तिने आईचा दंड धरला आणि कानाशी मोठ्याने म्हणाली, "आई, मी ही इथे आहे. मी सेन्योरिन्या."

"बहिरी आहे, खुळी नाही," एतेल्विना म्हणाली. "तू नंतरची."

रिन्याने आईचा दंड सोडला.

"जन्मली तीच गार होती," म्हातारी डब्याकडे बघत बोलत राहिली. "पाद्री पुलावरचा बाप्तिस्मा मानेना, दफनभूमीत जागा देईना. तुझा बाप म्हणाला, पुलाने दिली, पुलातच ठेवू. रात्रीत फरशी काढली न् बसवली."

"आणि मी?" रिन्याने तिच्या कानाशी विचारलं.

"माझ्या पोटावर पाणी ओतलं ना, ती सीमेपलीकडची बाई होती, गालिसियातली. इथली कॉफी चोरून तिकडे न्यायची. तीही पोटुशी, लग्नाचा पत्ता नाही. भांड्यात उरलेलं पाणी तिने हसत हसत आपल्याच पोटावर ओतलं. म्हणाली, तुझ्याबरोबर माझ्याचंही होऊन जाऊ दे. आमची गेल्याचं कळलं तशी तुला कॉफीच्या पोत्यात गुंडाळून घेऊन आली. दारात ठेवलं न् गेली."

"इतकी वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? पूल खोटा? अगं, बायकांना तेवढाच आधार होता." एतेल्विनाने लेकीचा गाल चाचपला. "रडतेस कशाला? पाणी तुझ्यावरही पडलं ना? जगलीस ना तू? मग पूल खराच की."

रिन्याने तिचा हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदाच झटकला. एकाच भांड्यातलं पाणी, एकाच रात्री, दोन पोटांवर. एक गेली आणि एक राहिली. पाण्याने काहीच केलं नव्हतं. तिला त्या सगळ्या बायका आठवल्या ज्यांना तिने पुलावर धाडलं होतं. रिकाम्या ओटीने परतलेल्यांना तिनेच तोंडावर ऐकवलं होतं, तुमच्या माणसांनी मांजर ओलांडू दिलं असेल. भर उन्हात तिचे कान शरमेने तापले.

मग तिला ओंदिनाचं पोट आठवलं आणि ती धावत सुटली. छप्पन्न वर्षांची, पंचायतीची अध्यक्ष, गावातून धावली. लोक दारात आले.

ओंदिना खाटेवर पडून होती. "ऊठ. शावेशला जायचंय."

"आत्ता? अगं, सान जुआंवला आपण..."

"सान जुआंव आपलं आपण बघून घेईल. ऊठ म्हणते ना!"

गाडीत तिने सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं, रस्त्यावरची नजर न हलवता. ओंदिनाने मान वळवून आईकडे पाहिलं.

"म्हणजे सेन्योरिन्या तू नाहीसच?"

"नाही. मी कोण ते अजून मलाच नीट कळलेलं नाही."

"आई," ओंदिना म्हणाली, "माझी कंबर दुखतेय. काल रात्रीपासून. तुला बोलले नाही. तू म्हणाली असतीस, पूल आहे."

रिन्याला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही, तिने गाडीचा वेग वाढवला. डोळ्यांतल्या पाण्याने पुढचं वळण दिसेना, तेव्हा ते बाहीने पुसलं.

इस्पितळात ओंदिनाला थेट आत नेलं. रिन्या बाहेर बाकावर बसली. प्रार्थनेसाठी हात जोडले, आणि काय मागावं, कुणाकडे मागावं, हे सुचेना म्हणून सोडले. दुपार उलटल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टाका बसला होता. टिकेल का, ते आताच सांगता येणार नाही, म्हणाल्या, तोंड बरंच उघडलं होतं. त्या रागावलेल्या होत्या आणि तो राग त्यांनी लपवला नाही.

"मी इतकं बजावलं होतं. मग थांबलात कशासाठी?"

रिन्या बाकावरून उठली.

"ती माझ्याकडे बघून थांबली होती," ती म्हणाली.