पाटीखालची गाडी

माझ्या रेणूच्या सोयरिकी कोण मोडतं ते मला पक्कं ठाऊक होतं. समोर राहणारे मारोतराव आणि त्यांची बायको सुशीलाबाई. दुसरं कोण असणार?

तीन स्थळं आली आणि तिन्ही न बोलता गेली. आमच्याकडे पद्धत अशी की, मुलगी पाहायला रीतसर येण्याआधी मुलाकडची दोन-तीन माणसं गुपचूप गावात येऊन जातात. येणार म्हणून कळवत नाहीत. शेजारी बसतात, पाणी मागतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, घर कसं, माणसं कशी, पोरीचा स्वभाव कसा. शेजारी सांगेल ते खरं. साकोलीत आमचं खाली हातमागाच्या साड्यांचं दुकान, वर बिऱ्हाड, आणि समोर दार एकच, तेही मारोतरावांचं. चौकशीला आलेला माणूस जाणार कुठे? आणि मारोतराव तर आमच्यावर दात धरून होते.

भांडण लागलं ते एका पाटीवरून. आमच्या ह्यांचं नाव मोतीलाल. दुकानासमोर कोणी गाडी लावली की ह्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. तशी चूक त्यांची नव्हती. बाजाराच्या दिवशी लोक आमच्या पायरीला गाडी टेकवून खुशाल भाजी घ्यायला जात, मग गिऱ्हाइकाने आत यायचं कुठून? नगर परिषदेत चपला झिजवून ह्यांनी 'येथे वाहने लावू नयेत' ही पाटी मिळवली. दसऱ्याला स्कूटरला झेंडूचा हार घातला, तसा पाटीलाही घातला. पुढे पोलिसांनी तक्रारीसाठी मोबाईलचा नंबर दिला आणि मग काय विचारता! नवऱ्याला माकड म्हणू नये, पण हातात कोलीत आलं एवढं खरं. गाडी दिसली की फोटो काढायचा, नंबरवर धाडायचा, की चौकातला शिपाई दंडाची पावती फाडायला हजर. वरच्या खिडकीतून गाडी आधी दिसायची ती मला. "आयकता का जी, लागली पाहा एक!" असं मी वरून ओरडायची आणि हे खालून मोबाईल काढायचे. संसारात आमचं दुसऱ्या कशावर इतकं एकमत कधी झालं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मारोतरावांचा जावई आला आणि त्याची गाडी नेमकी पाटीखाली लागली. दंड झाला. मारोतराव दुकानात येऊन उभे राहिले.

"मोतीलाल, जावाई हाय आमचा. मले एक आवाज देल्ला असता तं मी गाडी काढाले लावली नसती का?"

"कायदा जावायाले येगळा हाय का?" हे गादीवरूनच म्हणाले.

तेव्हापासून बोलणं बंद. दिवाळीचा फराळ तिकडून आला नाही आणि इकडून गेला नाही. आता तुम्हीच सांगा, मी संशय कोणावर घ्यायचा?

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, जत्रेत फिरतात, नाटक पाहतात, आणि त्या गर्दीत सोयरिकीही जुळतात. याच दिवसांत शहापूरहून माझ्या नणंदेचा, रुखमिणीचा फोन आला.

"वहिनी, कोंढ्याचं स्थळ हाय. पोरगा सचिन. गुराढोराईच्या दवाखान्यात नोकरी, घरी धानाची शेती. मंडईच्या निमित्तानं कोनी येऊन जाईन चौकशीले. कवा येईन ते नोको विचारू."

"आन् पहिले तिघं काहून गेले, ते तं सांग."

"सांगत नाही व कोनी. निस्तं म्हनतात, जमत नाही."

आता हे 'जमत नाही' कुठून येतं? कोणीतरी कानात काहीतरी ओतल्याशिवाय माणसं अशी हसत येऊन गप्प होत नाहीत. ह्यांनाही मी विचारलं, तर म्हणाले, "इचारून काय राहिली? तोच सामनेवाला."

रेणू लाखनीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आजवरच्या स्थळांना ती "तुमची मर्जी" एवढंच म्हणायची. या वेळी आत्याने पाठवलेला फोटो तिने स्वतःच्या मोबाईलवर घेतला आणि जेवता जेवता, जणू भूगोल विचारावा तसं विचारलं, "आई, कोंढा येथून किती दूर हाय?" मी काय ते समजले. हेही स्थळ मोडलं तर पोरगी रडणार नाही, भांडणार नाही, नुसती पुन्हा "तुमची मर्जी" म्हणायला लागेल. त्याचीच मला भीती वाटत होती.

म्हणून मी पहाऱ्याला बसले. खिडकीचा पडदा लावायचा, फटीतून समोर पाहायचं. सुशीलाबाईंनी अंगणात खुर्च्या काढल्या, मी त्या मोजल्या. त्यांनी दूध जास्त घेतलं, मी म्हटलं, झाली तयारी. मारोतराव आमच्या घराकडे पाहून बायकोशी काही बोलले, तर मला वाटलं आमचंच चाललंय. एकदा मनात पाल चुकचुकली की साधी शिंकसुद्धा साधी वाटत नाही.

आणि एका दुपारी ते आले. पांढरी टोपी घातलेला म्हातारा, नवं लुगडं नेसलेली म्हातारी आणि त्यांच्यासोबत एक बाप्या. घडीभर आमच्या घराकडे पाहिलं आणि सरळ मारोतरावांच्या फाटकात शिरले. सुशीलाबाई बाहेर आल्या, हात जोडले, वर माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि पाहुण्यांना आत घेऊन दार लोटून घेतलं.

दार कशाला लोटलं? आज रंगेहाथ धरते, म्हटलं. माणसं आली कशाने, गाडी लावली कुठे, हे पाहायची शुद्ध मला राहिली नाही. खिडकीत बसायला लागल्यापासून गाडीकडे न पाहता माणसांकडे पाहिलं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा. मागच्या जिन्याने उतरले, गल्ली ओलांडली आणि सुशीलाबाईंच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. काय काय बोलायचं ते तोंडात तयार होतं.

आतून सुशीलाबाईंचा आवाज आला. "पोरगी तं सोनं हाय जी. मले डेंगू झाला तवा रोज डबा तिनंच आनला, घरी न सांगता. आमचं आन् त्याईचं बोलनं बंद हाय, हे मी लपवत नाही. पन पोरीबद्दल खोटं कायले सांगू?"

रेणूने डबा नेला होता? मला पत्ताच नव्हता.

"आन् बाप?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी दाराला कान लावला. मग मारोतराव म्हणाले, "मानूस चोख हाय. खोटा माल विकनार नाही. जिभेनं जरासा तिखट हाय, बस. पोरीत जीव हाय त्याचा."

तोंडातलं सगळं मला गिळावं लागलं. आधी लाज वाटली आणि मग रडूच आलं. सुशीलाबाई चहा ठेवायला आत आल्या, त्यांनी मला पाहिलं. दचकल्या नाहीत. गॅस पेटवून हळूच म्हणाल्या, "आली का? आयकलं?"

"मंग पहिले तिघं काहून गेले, सुशीलाबाई?"

"पहिल्याचं मले नाही मालूम. ते आमच्याकडं आलेच नाही. पन दुसऱ्याले आन् तिसऱ्याले मी हेच सांगतलं, जे आज सांगून राहिली. खुशीत निघाले बिचारे. बाहेर पाहते तं गाडीजवळ शिपाई उभा, आन् तुहा घरवाला पाटीवर बोट ठेवून त्याईले शिकवून राहिला. म्हने, शिकले-सवरले दिसता, वाचता येत नाही का? दोन्ही खेपेले तेच. तो तिसरा पाव्हना मले काय म्हनला आयक. बाई, घडीभर गाडी ठेवली तं हा मानूस पोलीस बलावते, मंग याच्या दारात आमचं वऱ्हाड कसं उभं राहीन?"

मागे पाटीखाली लागलेली ती करड्या रंगाची गाडी मला लख्ख आठवली. आत एक म्हातारी बसली होती, तिने खिडकीतून आमच्या दुकानाकडे हसून पाहिलं होतं. आणि वरून ओरडले होते मी. 'आयकता का जी, लागली पाहा एक!' महिनोन्‌महिने मी चोर शोधत होते आणि कुंपणच शेत खात होतं.

"मले सांगतलं काहून नाही?"

"बोलत कोठं होती तू माह्यासंगं?"

चहाला उकळी आली. मग एकदम माझ्या लक्षात आलं.

"आज गाडी कोठं लावली त्याईनं?"

सुशीलाबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. त्यांनी चहा तसाच सोडला आणि मी पदर सावरत अंगणातून बाहेर धावले.

व्हायचं ते झालं होतं. पांढरी गाडी, वर पाटी, शेजारी यंत्रातून पावती काढणारा शिपाई आणि मोबाईल हातात धरून आमचे हे, लढाई जिंकल्यासारखे. माझ्या मागोमाग मारोतराव आणि पाहुणे बाहेर आले.

"काय झालं जी?" म्हाताऱ्याने विचारलं. "कोनं तक्रार केली?"

आमच्या ह्यांना 'मी' म्हणायची कधी भीती वाटली नाही. मी डोळे मोठे केले, मान हलवली, हातानेही नको नको म्हटलं. एवढ्या वर्षांत माझी खूण ज्यांना कधी कळली नाही, त्यांना ती आज कळणार होती का? त्यांनी छाती पुढे काढली, तोंड उघडलं.

"मी केली," मारोतराव म्हणाले.

सगळे वळून त्यांच्याकडे पाहायला लागले.

"मीच पाठवला फोटो. येथं कोनी बी गाडी लावते जी, दुकानदाराले तरास होते. मले काय मालूम, माह्याच घरी आलेल्या पाव्हन्याची हाय. माफ करा."

शिपायाने मारोतरावांकडे पाहिलं, मग ह्यांच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. जावयाच्या गाडीची पावतीही त्यानेच फाडली होती. त्याने गुपचूप पावती म्हाताऱ्याच्या हातात ठेवली. म्हाताऱ्याने पावती घडी करून खिशात घातली आणि हसला. "भलतेच कडक शेजारी हा बा तुमी! चूक आमची हाय, पाटी तं दिसून राहिली."

मी ह्यांच्याजवळ जाऊन पुटपुटले, "कोंढ्याचे पाव्हने हायत." ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. उघडलेलं तोंड तसंच राहिलं, मोबाईल धरलेला हात हळूहळू खाली आला.

म्हातारी मात्र आमच्या दुकानाकडे पाहत होती. "साड्या चांगल्या दिसतात जी तुमच्या. मंडईले आलो होतो सहज. पोरगी कवा येते कॉलेजातून?" म्हणाली, आणि सहज आलेल्या माणसाने हे विचारायला नको होतं, हे लक्षात येऊन जीभ चावली. मी हसले. ती पण हसली.

"आता येऊ तं सांगून येऊ," गाडीत बसताना म्हातारा ह्यांना म्हणाला. ह्यांनी नुसते हात जोडले.

गाडी वळणाआड गेली तरी हे पाटीखालीच उभे होते. मारोतराव फाटक लावायला निघाले, तेव्हा ह्यांनी घसा साफ केला. "मारोतराव…" एवढंच निघालं.

मारोतराव वळलेही नाहीत. कडी लावत म्हणाले, "आइतवारी जावाई येऊन राहिला आमचा. गाडी कोठं लावू, ते आत्ताच सांगून ठेव."

ह्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ओरडायची सवय माझी जुनी.

"पाटीखाली लावा, भाऊजी!" मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडले.